उन्हाळ्याच्या सुट्टीत वीस जणांसाठी क्रीमी फ्रूट सॅलड, तेही पाणी न सुटता

सुट्टीत सगळे एकत्र जमणार असले की गोडाचं काय करायचं हा प्रश्न येतोच आणि कुणीतरी पटकन म्हणतं, अगं फ्रूट सॅलड कर ना, त्यात काय एवढं, फळं कापायची आणि क्रीममध्ये घालायची. तसं केलं की काय होतं ते बऱ्याच जणांनी बघितलं असेल. सकाळी केलेलं छान घट्ट सॅलड दुपारी फ्रीजमधून काढलं की वर फळं तरंगतायत, खाली गुलाबीसर पातळ पाणी, केळी काळी पडलेली आणि पहिला चमचा तोंडात घातला की चव कुठे गेली तेच कळत नाही. या पदार्थात मुख्य काम फळातलं पाणी फळातच ठेवण्याचं आहे आणि खाली जे जे सांगतेय ते सगळं फिरून तिथेच येतं.

आधी प्रमाण. वीस माणसं असतील आणि जेवणानंतर खायचं असेल तर माणशी १५० ग्रॅम भरपूर होतं, म्हणजे एकूण ३ किलो. त्यातली २ किलो कापलेली फळं आणि १ किलो क्रीमचं मिश्रण. बऱ्याच ठिकाणी अर्धं फळ अर्धं क्रीम असं करतात पण मग ते फार जड होतं, दोन चमच्यांनंतर नको वाटतं, माझ्या मते दोनास एक हेच बरोबर. २ किलो कापलेलं फळ हवं तर बाजारातून ३ किलोच्या थोडी वरच फळं आणा, कारण सालं, कोयी, बिया यात बरंच जातं, आंब्यात तर खूपच.

फळं मी अशी घेते: आंबा ५०० ग्रॅम, सफरचंद ४००, द्राक्षं ४००, केळी ३००, लिची २०० आणि डाळिंबाचे दाणे २००. हे सगळं सोलून कापून झाल्यावरचं वजन आहे. लिची नसेल तर पीच घ्या, चेरी घ्या, नाशपाती घ्या, काही अडत नाही, फक्त दोन-तीन फळं कडक कुरकुरीत आणि दोन-तीन मऊ असा मेळ असू दे म्हणजे प्रत्येक घासाला वेगळं काहीतरी लागतं. आंबा पिकलेला पण घट्ट हवा. हातात धरून अंगठ्याने अगदी हलकं दाबलं की थोडासा दबला पाहिजे, बोट आत जाता कामा नये. फार पिकलेला आंबा खायला कितीही गोड असला तरी सॅलडमध्ये त्याच्या फोडी राहत नाहीत, त्याचा रस होतो आणि सगळं क्रीम पिवळं आणि पातळ होऊन बसतं.

आता नकोत ती फळं, आणि हा भाग नीट वाचा कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते क्रीममध्ये घालूच नका, तसंच खरबूज. वेगळं थंडगार कापून ठेवा, लोक आवडीने खातात. संत्रं-मोसंबीचा आंबट रस दुधाच्या पदार्थाला फाडतो. पण खरा त्रास देणारी फळं म्हणजे ताजा अननस, किवी, पपई आणि ताजं अंजीर. या फळांमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन, पपईत पपेन (पिकलेल्या पपईत कमी असतं पण असतं), अंजिरात फायसिन. ही एन्झाइम्स दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि ते तुकडे चवीला कडू लागतात. एकदा मी सकाळी नऊ वाजता ताज्या अननसाच्या फोडी घालून सॅलड करून ठेवलं होतं, पाहुणे संध्याकाळी यायचे होते, सहा वाजता चव बघितली तर कडूजहर. क्रीम खराब निघालं असं वाटून मी उरलेलं क्रीम चाखलं तर ते एकदम छान होतं. तेव्हा कारण माहीत नव्हतं, सगळं टाकून दिलं आणि फार वाईट वाटलं होतं.

अननस हवाच असेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डब्यातला अननस, तो डबाबंद करताना तापवलेला असतो त्यामुळे ते एन्झाइम उरलेलं नसतं. किंवा ताज्या फोडी थोड्या पाण्यात दोन चमचे साखर घालून चांगल्या ५ मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, चाळणीत निथळून घ्या, मग बिनधास्त घाला. किवीचा हिरवा रंग फार सुंदर दिसतो हे मान्य, तर वाढायच्या वेळी वरून चार चकत्या लावा, इतक्या थोड्या वेळात काही बिघडत नाही.

डब्यातली कुठलीही फळं वापरलीत तर चाळणीत निदान अर्धा तास निथळू द्या, तो पाक सॅलडमध्ये ओतायचा मोह होतो पण नका ओतू. फ्रोजन फळं मात्र मी या पदार्थात अजिबात घेत नाही. गोठताना आतल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात, ते फळाच्या पेशी फोडतात आणि वितळलं की सगळा रस बाहेर. मिल्कशेकला चालतील, इथे नाही.

आता क्रीमचं मिश्रण. १ किलोसाठी ४०० मिली व्हिपिंग क्रीम, ४०० ग्रॅम चक्का आणि २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. चक्का का, तर नुसतं क्रीम घातलं की सॅलड गोडमिट्ट आणि तुपकट लागतं, चक्क्याने त्याला किंचित आंबटपणा येतो आणि मुख्य म्हणजे घट्टपणा टिकतो. ४०० ग्रॅम चक्क्यासाठी साधारण १ किलो घट्ट, गोडसर दही लागतं. आदल्या रात्री सुती कापडात बांधून चाळणीत ठेवायचं, चाळणी पातेल्यावर आणि हे सगळं फ्रीजमध्ये, वर झाकण. उन्हाळ्यात दही बाहेर टांगून ठेवलं तर सकाळपर्यंत इतकं आंबतं की मग कितीही गोड घाला, आंबट ते आंबटच. सकाळी कापड उघडलं की चक्का कापडापासून सहज सुटून आला पाहिजे, बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहिली पाहिजे. रेघ भरून येत असेल तर अजून तासभर बांधून ठेवा आणि वर एखादी जड वाटी ठेवा.

क्रीम घेताना पाकिटावरचं फॅटचं प्रमाण वाचा हो, प्लीज. २५ टक्के फॅटवालं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुगत नाही, त्याला निदान ३० टक्के फॅट लागतं आणि ३५ च्या आसपास असेल तर उत्तमच. फेटताना फॅटचे कण एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं तयार करतात आणि हे फॅट थंड असलं तरच होतं, कोमट झालं की फॅट वितळतं आणि जाळं धरतच नाही. म्हणून क्रीम रात्रभर फ्रीजमध्ये आणि ज्या भांड्यात फेटणार ते भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये. उन्हाळ्याच्या दिवसात तर मी भांड्याखाली अजून एक परात बर्फाच्या पाण्याची ठेवते. बीटर आधी हळू, मग मध्यम, आणि पाती उचलली की क्रीमचं टोक वर येऊन जरासं वाकलं की थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, अजून थोडं घट्ट करू म्हणून मिनिटभर जास्त फिरवलं की दाणेदार व्हायला लागतं आणि मग लोणी सुटतं, आणि एकदा लोणी सुटलं की ते मागे येत नाही.

फक्त २५ टक्केवालंच क्रीम मिळालं तर काळजी करू नका, फेटायच्या भानगडीत न पडता ४०० मिलीऐवजी ३०० मिली घ्या, चक्का ५०० ग्रॅम करा आणि सगळं नुसतं गुठळी राहणार नाही इतपत एकजीव करा. हलकंफुलकं नाही होणार पण छान घट्ट होतं. आणि ती वनस्पती तेलातली तयार व्हिप टॉपिंग मिळते ना, ती गरमीत जास्त टिकते हे खरंय पण ती आधीच गोड असते म्हणून कंडेन्स्ड मिल्क निम्मं करा. मला स्वतःला ती टाळूला चिकटल्यासारखी वाटते त्यामुळे मी दुधाचं क्रीमच घेते.

चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क वेगळ्या भांड्यात आधी मऊ होईपर्यंत घोटून घ्या, त्यात अर्धा चमचा वेलचीपूड किंवा एक चमचा व्हॅनिला, दोन्ही एकदम नको. मग फेटलेलं क्रीम तीन वेळा थोडं थोडं घालून पसरट कालथ्याने खालून वर, खालून वर असं हलक्या हाताने मिसळायचं, गोल गोल ढवळायचं नाही नाहीतर भरलेली सगळी हवा निघून जाते. साखर वेगळी घालायची नाही. पिठीसाखर असो की दाणेदार, ती फळावर पडली की फळातलं पाणी बाहेर ओढून घेते, हे स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरून दहा मिनिटं ठेवलं तर डोळ्यांनी दिसतं, खाली लाल रस जमलेला असतो. कंडेन्स्ड मिल्कमध्येही साखर आहेच आणि तीही तेच काम करते, म्हणून तर फळं आणि क्रीम फार आधी एकत्र करायची नाहीत.

ज्यांना क्रीमपेक्षा कस्टर्ड आवडतं त्यांच्यासाठी पटकन सांगते. १ लिटर दूध, ३ सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर, ८० ते १०० ग्रॅम साखर. पावडर अर्धा कप थंड दुधात कालवायची, गरम दुधात घातली तर गाठी होणारच. बाकीचं दूध उकळलं की धार धरून ओतायचं आणि सतत हलवत २-३ मिनिटं पुन्हा नीट उकळू द्यायचं. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नस्टार्चच, तो पुरता शिजला नाही तर कच्चट चव राहते आणि नंतर पातळ पण होतं. गार होताना वर साय धरू नये म्हणून क्लिंग फिल्म थेट कस्टर्डला चिकटवून लावा. गार झाल्यावर घट्ट गोळा दिसला तरी घाबरू नका, रवीने किंवा बीटरने मिनिटभर फिरवलं की गुळगुळीत होतं.

दूधच नको असेल तर फुल फॅट नारळाचं क्रीम घ्या, डबा न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि वरचा घट्ट थर तेवढा काढून फेटा, खालचं पाणी घेऊ नका. यात दुधाची प्रथिनं नसल्यामुळे अननस-किवी घातले तरी कडू होत नाही, हा एक चांगला फायदा.

फळं कापायच्या आधी धुवायची, साल काढणार असलात तरी, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. सुरी आणि पाट कांदा-लसूण कापलेला नको. नुसता पाण्याने धुतलेला पाट नाकाजवळ धरून बघा, वास येतो, आणि क्रीम तो वास लगेच धरतं. माझ्याकडे फळांसाठी एक वेगळा पाटच आहे.

फोडी साधारण दीड सेंटिमीटरच्या, द्राक्षाएवढ्या. फार बारीक कापलं की जितके जास्त काप तितका जास्त रस सुटतो, फार मोठं ठेवलं तर एका चमच्यात एकच फळ येतं. सुरी धारदार हवी, बोथट सुरीने फळ कापलं जात नाही, चेपलं जातं, आणि चेपलेलं फळ पाणी सोडतं. हा फरक आंब्यात लगेच दिसतो, धारदार सुरीने कापलेल्या फोडीच्या कडा चकचकीत आणि पाट जवळजवळ कोरडा, बोथटने कापलं की पाटावर रसाचं थारोळं.

सफरचंद आणि नाशपाती काळी पडतात कारण कापल्यावर आतलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतं. १ लिटर थंड पाण्यात २ मोठे चमचे लिंबाचा रस घालून त्यात फोडी कापता कापता सोडत जा, ५ मिनिटं पुरतात. लिंबाचा रस थेट सॅलडमध्ये पिळू नका, क्रीम फाटू शकतं. मग आला सगळ्यात महत्त्वाचा भाग जो बहुतेक जण सोडून देतात, कोरडं करणं. मोठा स्वच्छ सुती पंचा किंवा टॉवेल ओट्यावर पसरा, सफरचंद, द्राक्षं, लिची एका थरात पसरा, वर दुसरं कापड ठेवून हाताने हलकं टिपा. १० मिनिटांनी कापड उचलून बघा किती ओलं झालंय, ते सगळं पाणी तुमच्या क्रीममध्ये जाणार होतं. आंब्याच्या फोडी टिपता येत नाहीत, त्या चाळणीत ठेवून खाली जमलेला रस काढून घ्या (तो पिऊन टाका, तुम्ही एवढं काम केलंय). डाळिंबाचे दाणे कापडावर कोरडे करून वेगळ्या वाटीत ठेवा, आत मिसळले आणि दोन-चार फुटले तरी सगळं क्रीम गुलाबी होतं.

जमलेल्यांत लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवाच. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष, अख्खी चेरी द्यायची नाही, घशात अडकू शकतं. द्राक्ष उभं कापून चार भाग करायचे, आडवं अर्धं नाही. अख्खा सुकामेवाही त्यांना नको. आणि सुकामेवा तसाही मी सॅलडमध्ये मिसळत नाही, एक तर तो भिजून मऊ पडतो, दुसरं म्हणजे कुणाला ॲलर्जी असेल तर सगळं सॅलडच त्यांना बंद होतं. बदाम-काजूचे काप मंद आचेवर कोरडे भाजून, गार करून शेजारी वाटीत ठेवा, ज्याला हवं तो घेईल.

आता वेळ कशी लावायची. जेवण दुपारी एकला आणि गोड दीड-दोनला असं धरू. आदल्या रात्री चक्का बांधलेला, क्रीम फ्रीजमध्ये, फळं अख्खीच धुऊन पुसून ठेवलेली. सकाळी दहाला क्रीमचं मिश्रण करून झाकून फ्रीजमध्ये. अकराला केळी सोडून सगळी फळं कापून, कोरडी करून, वेगवेगळ्या डब्यांत झाकून फ्रीजमध्ये, डबे पसरट घ्या, उंच डब्यातलं मधलं फळ लवकर गार होत नाही. आणि हो, अशा दिवशी फ्रीज पाण्याच्या बाटल्यांनी ठच्च भरलेला असतो, दार सारखं उघडतं, आत गारवाच राहत नाही. बाटल्या बर्फाच्या टबात बाहेर ठेवा, फ्रीज सॅलडसाठी मोकळा करा. आतलं तापमान ५ अंशाच्या खाली असावं.

वाढायच्या अर्धा तास आधी, त्याहून आधी नाही, केळी कापा आणि लगेच क्रीममध्ये सोडा, क्रीमचा थर बसला की हवा लागत नाही आणि ती पांढरी राहतात. मग सफरचंद, द्राक्षं, लिची, आणि सगळ्यात शेवटी आंबा, कारण तो सगळ्यात नाजूक. चार-पाच वेळा खालून वर केलं की बास. प्रत्येक फोडीला क्रीम लागलेलंच पाहिजे असं नाही, मध्ये मध्ये फळाचा रंग दिसला तर उलट छान दिसतं. मूठभर आंबा आणि सगळं डाळिंब वरून, हवं तर पुदिन्याची दोन-चार कोवळी पानं.

सगळं एका मोठ्या भांड्यात टेबलावर मांडू नका. दोन भांडी करा, एक बाहेर, एक फ्रीजमध्ये, आणि बाहेरचं भांडं बर्फ भरलेल्या पसरट परातीत बसवा. दुधाचा पदार्थ बाहेर जास्तीत जास्त २ तास, आणि हवा ३२ अंशाच्या वर असेल तर फक्त १ तास. बागेत, गच्चीवर, उन्हात कार्यक्रम असेल तर घड्याळ बघाच, वास आणि चव ठीक वाटली म्हणजे ते चांगलंच आहे असं नसतं. अर्धं बाहेरचं संपलं की त्यातच नवीन ओतू नका, भांडं बदला.

फ्रीजमध्ये राहिलेलं दुसरं भांडं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाता येतं, केळी थोडी तपकिरी होतील आणि जरा पाणी सुटेल. ते मिक्सरमधून फिरवून कुल्फीच्या साच्यात भरा आणि फ्रीझरमध्ये टाका, दुपारी मुलं पत्ते खेळून कंटाळून स्वयंपाकघरात येतील तोपर्यंत घट्ट झालेलं असतं.